आयर्विनला किती?

सांगलीत जुलै-ऑगस्टात कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आयर्विनला किती?" हा असतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाण्याची पातळी मोजतात आणि तो आकडा दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. देशात मीटर येऊन साठ वर्षं होऊन गेली, पण सांगलीचा पूर अजून फुटातच येतो. "साडेतेरा मीटर पाणी झालंय" असं कुणी ओरडत आलं, तर गावभागात कुणी अंथरलेली सतरंजीसुद्धा उचलणार नाही.

लग्न करून मी २००८ च्या उन्हाळ्यात फार्गोला आले. अमेरिकेच्या उत्तर टोकाला नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या दोन राज्यांची शीव म्हणून रेड रिव्हर वाहते; अलीकडे फार्गो, पलीकडे मूरहेड. पहिला हिवाळा सरत आला तेव्हा कळलं, की इथंही तीच भाषा आहे. किराणा दुकानात, ग्रंथालयात, बसमध्ये, सगळीकडे फूट. १८ ला पूर सुरू, ३० ला मोठा पूर. (दोन्हीकडच्या आकड्यांची तुलना करू नये, शून्य कुठं धरलाय त्यावर सगळं अवलंबून असतं. फार्गोची नदी गुपचूप वाहत असते तेव्हाही पंधराच्या आसपास असते. हे माहीत नसताना दादानं फोनवर मला हिणवलं होतं, "चाळीस फुटाला घाबरलाय तुम्ही? आमच्याकडं चाळीसला लोक पूर बघायला जातात.")

ते खरंच आहे. लहानपणी पूर ही माझ्यासाठी बघायची गोष्ट होती. पाणी चढलं की आई खण-नारळ घेऊन कृष्णामाईची ओटी भरायला जायची. आजीबरोबर नृसिंहवाडीला गेलेलं आठवतं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात न्हायला ही झुंबड. दक्षिणद्वार सोहळा. गढूळ, गार, ओढ असलेलं पाणी. आजीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत बांगडीचा वळ गेला नाही. आमचा पूर असा येतो: आभाळ फाटतं, कोयनेचे दरवाजे उघडतात, दोन-तीन दिवसांत पाणी दारात. आवाज करत येतो. कारण आणि परिणाम एकाच आठवड्यात.

फार्गोचा पूर आवाज करत नाही. त्याची सुरुवात झालेली असते तेव्हा झाडांवर अजून पिवळी पानं असतात.

२००८ ची पानगळ फार ओली गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट पाऊस बघून बरं वाटलं होतं. शेजारी एक आजोबा राहायचे, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या घराण्यातले, शेती मुलाकडे सोपवून शहरात आलेले. ऑक्टोबरमध्ये एकदा ते हिरवळीवर उभे राहून बुटाची टाच मातीत रुतवत होते. टाच वर काढली की खळग्यात पाणी जमायचं. मी काय करताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हे असंच्या असं गोठणार." एवढंच. मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा.

इथली माती आपल्या कृष्णाकाठासारखीच काळी आणि चिकण आहे. उन्हाळ्यात भेगाळते, ओली झाली की बुटाला चिकटून वर येते आणि पाणी सोडत नाही. हिवाळ्याआधी ती पाण्यानं भरलेली असली आणि तशीच गोठली, की जमिनीखाली काँक्रीटचा स्लॅब पडल्यासारखं होतं. मग त्यावर चार-पाच महिने बर्फ साठत राहतो. वसंतात तो वितळला की पाण्याला मुरायला जागाच नसते. सगळं नदीकडे धावतं.

धावतं हा शब्द चुकला. धावायला उतार लागतो. फार्गोच्या आसपासची जमीन म्हणजे हिमयुगाच्या शेवटी तयार झालेल्या अगासिझ नावाच्या अवाढव्य सरोवराचा तळ. सरोवर हजारो वर्षांपूर्वी ओसरलं, तळ राहिला. पोळपाटासारखा सपाट. नदीला मैलामागे जेमतेम फूटभर उतार, काही ठिकाणी तेवढाही नाही. त्यात ही नदी उत्तरेकडे वाहते, कॅनडातल्या विनिपेग सरोवराकडे. म्हणजे उगमाकडच्या दक्षिण भागात ऊन लागून बर्फ वितळतो तेव्हा पुढची नदी अजून गोठलेली असते. मागून पाणी येतंय आणि पुढचं दार बंद. पात्रात बर्फाच्या लाद्या अडकतात, पाणी बाजूला पसरतं, आणि एकदा पसरलं की अडवणारा चढ कुठंच नाही. शेतांमधून मैलोन् मैल.

म्हणून इथले लोक वसंताच्या पुराचा हिशोब पानगळीपासून मांडतात. माती किती ओली होती, किती खोल गोठली, बर्फात पाणी किती आहे, वितळणं सावकाश होणार की एकदम, आणि ऐन वितळण्याच्या वेळी वरून पाऊस पडणार का. पहिल्या तीन गोष्टी फेब्रुवारीत मोजता येतात. शेवटच्या दोन देवाच्या हातात.

बर्फातलं पाणी कसं मोजतात हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. मातीत पोटॅशियम, युरेनियम, थोरियम अत्यल्प प्रमाणात असतात आणि त्यांच्यातून गॅमा किरण सतत निघत असतात. पाणी हे किरण अडवतं, मग ते द्रव असो की बर्फ. तर सरकारी विमान पानगळीत सुमारे पाचशे फुटांवरून उडत जाऊन किरण मोजतं, आणि बर्फ पडल्यावर त्याच वाटेनं पुन्हा मोजतं. जेवढे किरण कमी, तेवढं पाणी जास्त. फेब्रुवारीत असं विमान डोक्यावरून गेलं की मला लहानपणी घरासमोरून जाणारा मीटर रीडिंगवाला आठवतो. बिल नंतर येणार असतं.

२००९ चं बिल मार्चच्या शेवटी आलं.

त्या वर्षी पाडवा २७ मार्चला होता. गुढीला काठी मिळेना, म्हणून मी बर्फ ओढायच्या फावड्याच्या दांड्याला साडी आणि तांब्या बांधून खिडकीत उभी केली. गाठी नव्हती, कडुलिंबाचा प्रश्नच नव्हता. दुपारी शेजारचे आजोबा फावडं मागायला आले. गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते हे त्यांना कसं सांगणार? उतरवली, फावडं दिलं, आणि त्यांच्याबरोबर गेले. नोकरी करता न येणाऱ्या एच-फोर व्हिसावर घरात बसून कंटाळले होते, हेही एक कारण.

आधीचे तीन-चार दिवस फार्गोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये हजारो लोक वाळूची पोती भरत होते. मीही दोन रात्री गेले होते. पोतं निम्म्याहून थोडं जास्तच भरायचं, गच्च नाही. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं बसतं आणि मधून पाणी येतं. सैल पोतं शेजारच्या पोत्याच्या अंगावर रेलतं. तोंड दुमडून खाली घ्यायचं, विटांसारखी सांधमोड करत रचायची, नदीकडच्या बाजूला प्लॅस्टिक अंथरायचं. पाडव्याच्या दिवशी आम्ही नदीकाठच्या एका घरामागं साखळी करून उभे होतो. आपल्याकडं स्लॅब टाकताना घमेली पुढं सरकवतात ना, अगदी तसं. माझ्या उजवीकडं शाळेतला एक मुलगा, डावीकडं बँकेतून थेट आलेला टाय लावलेला माणूस. थंडी इतकी की उघड्यावर राहिलेली पोती गोठून वेडीवाकडी झाली होती, ती एकमेकांत बसेनात. त्याच थंडीनं वितळणं मंदावलं म्हणून शहर वाचलं. त्या दोन गोष्टींचा मेळ घालणं मला त्या दिवशी जमलं नाही. हात बधिर करणाऱ्या गारठ्याला शिव्या द्यायच्या की त्याची ओटी भरायची?

अंदाज ४३ फुटांपर्यंत गेला होता. मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २८ तारखेला, नदी ४०.८४ वर थांबली. त्याआधीचा फार्गोचा उच्चांक १८९७ चा होता, ४०.१ फूट. एकशे बारा वर्षं टिकलेली खूण नऊ इंचांनी मोडली. शहरात तीसेक लाख पोती लागली असं नंतर वाचलं. माझ्या वाट्याची किती कोण जाणे, पण पुढं आठवडाभर मला वेणी घालता येत नव्हती.

फार्गो वाचलं. सव्वाशे किलोमीटर उत्तरेला असलेलं ग्रँड फोर्क्स बारा वर्षांपूर्वी वाचलं नव्हतं, आणि ती गोष्ट इथं आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. १९९७. ओली पानगळ, एकामागून एक हिमवादळं, एप्रिलच्या सुरुवातीला आणखी एक. हवामान खात्याचा अंदाज ४९ फूट. गावानं ४९ मध्ये सावधगिरीचे तीन मिळवले आणि बांध ५२ पर्यंत नेले. हिशोब चोख. नदी ५४ च्या वर गेली. पन्नासेक हजार माणसांचं गाव जवळजवळ सगळं रिकामं करावं लागलं. वर कडी म्हणजे पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेत आग लागली. आगीचे बंब कमरेएवढ्या पाण्यात हतबल, नळ पाण्याखाली, अकरा इमारती जळाल्या. पाण्यातून जळून वर आलेल्या त्या भिंतींचे फोटो आजही बघवत नाहीत.

अंदाज चुकला म्हणून लोक खूप चिडले होते. साहजिक आहे. पण मला राहून राहून वाटतं, चूक निव्वळ आकड्याची नव्हती. अंदाज सांगणाऱ्यांनी ४९ म्हटलं ते "बहुधा इतकं" या अर्थानं, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते "याच्यावर नाही". नंतर अंदाज सांगायची पद्धत बदलली. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये शक्यतांचा तक्ता येतो: अमुक फुटांच्या वर जायची शक्यता इतके टक्के, त्याहून वर जायची इतके. नवीन माणसाला हा तक्ता म्हणजे अंग काढून घेणं वाटतं. मलाही वाटायचं. एक काय तो आकडा सांगा ना बाबा!

मग २०१९ चा ऑगस्ट आला, आणि तीच चूक मी माझ्या घरात होताना फोनवर ऐकली.

आमच्या सांगलीच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. बाबांनी तेव्हा पाणी उतरायच्या आत पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती, जमिनीपासून गुडघ्याएवढी. त्या वर्षी आयर्विनला ५३ च्या पुढं गेलं होतं. चौदा वर्षं ती रेघ आमच्या घरात कायद्यासारखी होती. रंग देताना तेवढी पट्टी सोडायची. पाहुण्यांना दाखवायची. २०१९ ला पाणी यायला लागलं तसं दादानं फ्रिज जेवणाच्या टेबलावर चढवला. तीन माणसं लागली. खाली तांदळाचे डबे, वर गादी, सगळं नीट बांधून. मी विचारलं, "वरच्या मजल्यावर का नाही नेलं?" तर म्हणाला, "अगं, रेघ कुठं, टेबल कुठं! दुप्पट उंचीवर ठेवलाय." त्याचा हिशोब ग्रँड फोर्क्सच्या अभियंत्यांसारखाच होता. आधीचा आकडा अधिक सावधगिरी.

त्या वेळी आयर्विनला ५७ च्या वर गेलं. म्हणजे रेघेच्या वर आणखी चार फूट. फ्रिज टेबलावरून उचलला गेला आणि स्वयंपाकघरात तरंगत फिरला. पाणी उतरल्यावर तो मोरीच्या दारात आडवा सापडला. आई-दादा-वहिनी तोवर शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते, चार्जिंग संपलेल्या फोनसकट. दीड दिवस मला काही कळत नव्हतं. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात नंतर हेच ऐकू आलं: "२००५ ला इथवरच आलं होतं हो." माणसं बेफिकीर नव्हती. मागच्या पुराची आठवण फार पक्की होती, तिनंच घात केला. ज्यांनी तो पूर पाहिला नव्हता ती भाडेकरू मंडळी आधी बाहेर पडली.

त्याच वर्षी फार्गोला पानगळ पुन्हा ओली गेली. ऑक्टोबरमध्येच हिमवादळ. या खोऱ्यात साखरेचं बीट होतं, देशातलं सगळ्यात जास्त इथंच, आणि मोठा कारखाना शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. सांगलीच्या मुलीला आणखी काय हवं! पण ऑगस्टात तिकडं ऊस पाण्यात उभा सडला होता आणि ऑक्टोबरात इकडं बीट चिखलात अडकलं होतं. ट्रॅक्टर रुतत होते, बरंच पीक शेतातच गोठून गेलं. शेजारचे आजोबा तोवर गेले होते. मी हिरवळीवर जाऊन टाच रुतवून बघितली. पाणी आलं.

सगळा हिवाळा मी त्या गोठलेल्या पाण्यावरून चालत होते. हे फार विचित्र असतं. उणे वीस तापमान, स्वच्छ ऊन, पांढरीशुभ्र शांतता, मुलं बर्फात घसरगुंडी खेळतायत, आणि आपल्याला ठाऊक आहे की पायाखाली पूर आहे. आलेला आहे, फक्त अजून हललेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये महासाथ येऊन ठेपली तेव्हा मला पहिली धास्ती पडली ती पोत्यांची. खांद्याला खांदा लावून साखळी कशी करणार? पण त्या वसंतात दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, सावकाश निचरा होत गेला, आणि निभावलं. नंतर काही लोक म्हणाले, उगाच घाबरवलं होतं. मी काही बोलले नाही.

तळ्याची गोष्ट आणखी वेगळी. फार्गोहून वायव्येला अडीच-तीन तासांवर डेव्हिल्स लेक आहे. त्यातलं पाणी बाहेर पडायला नैसर्गिक वाट नाही. आलेलं पाणी मुख्यतः वाफ होऊनच जातं. १९९३ पासून ओली वर्षं सुरू झाली आणि तळं चढत गेलं, २०११ पर्यंत जवळपास तीस फूट. आम्ही एकदा तिकडं गेलो होतो. रस्ता भराव घालून उंच केलेला, दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात साल गेलेली पांढरी झाडं ओळीनं उभी. ती ओळ म्हणजे कुणाच्या तरी शेताचा बांध. मिनेवॉकन नावाचं गाव एके काळी तळ्यापासून आठ मैलांवर होतं, तळं चालत त्याच्या वेशीशी आलं. शाळा उचलून उंचावर बांधावी लागली. नदीचा पूर येतो नि जातो, माणूस चिखल उपसून पुन्हा भिंतीला रंग लावतो. हा पूर आला आणि राहिला. रेघ मारायची कुठं?

फार्गोला आता नदीचा जादा लोंढा शहराला वळसा घालून नेणारा कालवा खोदतायत, तीस मैलांचा, २०२७ पर्यंत पुरा करायचा आहे. उत्तरेला विनिपेगनं १९५० च्या पुरानंतर असा कालवा काढला होता. तेव्हा लोकांनी प्रांताचे मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांची 'डफचं गटार' म्हणून चेष्टा केली होती; १९९७ ला त्याच गटारानं शहर वाचवलं. पण कालव्याबरोबर शहराच्या वरच्या अंगाला बांध आहे, आणि पुराच्या वेळी त्यामागच्या शेतांत पाणी तुंबवून ठेवणार आहेत. ते शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. शहर वाचवायला आमची शेतं का? हे ऐकताना मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर सांगली-कोल्हापुरात जी चर्चा चहाच्या टपरीवर चालते, तीच इथं कॉफीच्या टेबलावर. वरचे आणि खालचे, एवढं सांगितलं की पुढचं भांडण आपोआप कळतं.

यंदाही पानगळ ओली होती. काल रात्री तळघरातला पंप पहिल्यांदा चालू झाला. इथं प्रत्येक तळघराच्या कोपऱ्यात खड्डा असतो, भोवतालचं झिरपलेलं पाणी त्यात येतं आणि पंप ते बाहेर फेकतो. झोपेत तो घरघर करून थांबला, मी घड्याळ बघितलं. बावीस मिनिटांनी पुन्हा. मार्चअखेर हे अंतर चार-पाच मिनिटांवर येतं, तेव्हा झोप लागत नाही.

सकाळी आईचा फोन. ती आता दादाकडं वरच्या मजल्यावर राहते.

"तुमच्या नदीला किती?"

"पंधरा. नेहमीचंच आहे ग, अजून गोठलेली आहे."

"पंधरा राहू दे. बर्फात किती आहे?"

मी सांगितलं, सगळा वितळवला तर चार इंच भरेल.

"आणि खालची माती?"

"ओली होती."

पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"तळघरातला तुझा तो मोठा फ्रीजर," ती म्हणाली, "टेबलावर नको ठेवू. वर आण."